खेळांतील त्याग व सौदा

मुलांच्या हातीं आलेल्या नव्या खेळांविषयीं घरोघर दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, डोळ्यांचा नाश व अभ्यासाचा शत्रु. तो घरांतून हद्दपार करावा हेंच बरें. दुसरें मत असें कीं, मूल एका जागीं गप्प बसतें ना, मग तें काय खेळतें याची चौकशी कशाला? हीं दोन्ही मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी एका बाबतींत तीं सख्खीं भावंडें आहेत. खेळाच्या आंत काय आहे हें पाहण्याची तसदी दोहोंपैकीं कोणताच पक्ष घेत नाहीं. पुस्तकांविषयीं आपण असें करीत नाहीं. सर्व पुस्तकें वाईट असें म्हणणारास आपण अडाणी समजतों, व वाटेल तें पुस्तक मुलाच्या हातीं पडूं देणारास निष्काळजी समजतों. खेळांच्या बाबतींत मात्र हा विवेक आपणांस सुचत नाहीं. म्हणून खेळ पारखण्याची एक कसोटी आम्ही प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें मांडणार आहों. ती अशी: हा खेळ खेळणारापुढें खरी निवड ठेवतो काय, आणि त्या निवडीची किंमत खरोखर घेतो काय?

ही कसोटी समजण्यासाठीं प्रथम आपल्या ओळखीच्या तीन खेळांकडे पाहूं. सापशिडींत फांसा पडेल तसें चालावयाचें असतें. पुढें काय होईल हें कोणासच ठाऊक नसतें, पण करण्यासारखेंहि कांहीं नसतें. पांच वर्षांचें मूल व त्याचे आजोबा तेथें सारखेच प्रवीण. बुद्धिबळांत याच्या उलट. सारा पट डोळ्यांपुढें उघडा असून लपलेलें असें कांहींच नसतें. तेथें चांगला खेळाडू प्यादें बळी देतो, प्रसंगीं हत्तीहि देतो. पण तो बहुधा पुढील चालींचा हिशेब मनांत करूनच देतो. सोंगट्यांच्या पटावर मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात. दान काय पडेल हें आपल्या हातीं नाहीं. पण पडलेलें दान कोणत्या सोंगटीस द्यावें, पुढें गेलेली घरीं न्यावी कीं मागें अडकलेली सोडवावी, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. मनुष्याच्या आयुष्याचें स्वरूप ह्या तिसऱ्या खेळाच्या जवळचें आहे. आपणांस सर्व कळत नाहीं, तरी निर्णय करावाच लागतो, व केलेला निर्णय आपलाच असतो.

व्हिडिओ गेम रचणारांपैकीं जे विचारी आहेत त्यांस हें मर्म पूर्वींच उमगलें आहे. सिड मायर ह्या अमेरिकन रचनाकाराचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ सालीं निघाला. खेळ म्हणजे मन गुंतविणाऱ्या निर्णयांची मालिका होय, अशा आशयाची त्यांची व्याख्या सुप्रसिद्ध आहे. तिच्यांत पुष्कळ अर्थ भरला आहे. तीन वाटांपैकीं एक वाट नेहमींच उत्तम असेल तर तेथें निवड उरत नाहीं, केवळ पाठांतर उरतें. तिन्ही वाटा सारख्याच असतील तरीहि निवड उरत नाहीं. नाणें उडवून काम भागतें. प्रत्येक वाटेवर कांहीं मिळत असेल, कांहीं सोडावें लागत असेल, आणि शेवटीं पदरांत काय पडणार हें पुरतें ठाऊक नसेल, तेव्हांच मनुष्याला विचार करावा लागतो. मायर यांच्या त्या खेळांत एका लहानशा नगरानें नवी वस्ती करण्यास माणसें बाहेर पाठविलीं तर मूळ नगराची लोकसंख्या घटते. त्याऐवजीं शिपाई उभे करावे तर वाढ खुंटते. आणि शेजारचें राष्ट्र चालून येणार कीं मैत्री करणार, हें त्या वेळीं कोणीच सांगूं शकत नाहीं. नांगर कीं तरवार, हा राजनीतीचा जुनाच प्रश्न येथें बारा वर्षांच्या मुलाला स्वतः सोडवावा लागतो.

परंतु ह्या विद्येंत एक मोठी पळवाट आहे. पुष्कळ खेळांत केलेल्या प्रगतीची नोंद जतन करून ठेवतां येते. निर्णय चुकला कीं जुनी नोंद उघडावी व घडलेलें सर्व घडलेंच नाहीं असें करावें! असा निर्णय पाटीवरच्या अक्षरांसारखा असतो. बोट फिरविलें कीं पुसला. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय व ग्लेन विचमन ह्या अमेरिकन विद्यार्थ्यांनीं 'रोग' नांवाचा एक खेळ रचला. त्यांत चित्रें नव्हतीं. केवळ अक्षरें व चिन्हें यांनीं काढलेलें एक भुयार होतें, आणि तें दर वेळीं निराळें असे. खेळ अर्धा सोडून उठावयाचें झाल्यास नोंद ठेवतां येई, पण पुन्हां खेळावयास बसतांच ती नोंद पुसली जाई. म्हणजे मेलेला वीर पुन्हां उठत नसे. हातांतील अनोळखी औषध आतां प्यावें कीं संकटासाठीं राखावें, एवढ्याशा प्रश्नालाहि त्यामुळें वजन आलें. जें परत घेतां येत नाहीं त्याविषयींच मनुष्य मनापासून विचार करतो.

येथवर आम्हीं निवडीविषयीं लिहिलें. आतां त्यागाविषयीं लिहूं; कारण आमच्या मतें खेळ रचणारांची खरी परीक्षा तेथेंच होते, व पुष्कळ नांवाजलेले खेळहि तेथेंच उणे पडतात.

२००७ सालीं अमेरिकेंत 'बायोशॉक' नांवाचा खेळ निघाला. तो लहानांसाठीं नव्हे, पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. समुद्राच्या तळाशीं वसविलेल्या व आतां उद्ध्वस्त झालेल्या एका नगरींत कथा घडते. तेथें लहान मुली भटकत असतात. त्यांच्या शरीरांत 'ॲडम' नांवाचें द्रव्य असतें, आणि नायकाला आपलें सामर्थ्य वाढविण्यासाठीं तेंच द्रव्य हवें असतें. अशी मुलगी हातीं लागली कीं खेळणारास विचारलें जातें: तिचा जीव घेऊन १६० मात्रा घेणार, कीं तिला सोडवून ८० मात्रांवर समाधान मानणार? प्रश्न वाचून अंगावर कांटा येतो. दुर्बलावर दया करावयाची तर स्वतः दुर्बल राहावें लागणार, असें वाटतें. पण पुढें हिशेब पाहा. तीन मुली सोडविल्या कीं कृतज्ञतेची भेट म्हणून आणखी २०० मात्रा मिळतात व वर दुसऱ्या उपयुक्त वस्तु मिळतात. म्हणजे तिघींचा जीव घेणारास ४८० मात्रा, आणि तिघींस जीवदान देणारास ४४० मात्रा व भेटवस्तु. ४० मात्रांत दया विकत मिळाली! एकदां हें गणित ठाऊक झालें कीं दयाळू होण्यास मन लागत नाहीं. बेरीज आली म्हणजे पुरे.

आमचा आक्षेप येथें आहे. ज्या त्यागाची परतफेड ठरलेली आहे तो त्याग नव्हे, ती पेढीवर ठेवलेली ठेव होय. ठेव ठेवण्यांत वाईट कांहीं नाहीं. पण तिला त्यागाचें नांव देऊं नये, आणि मुलांना तर मुळींच तसें शिकवूं नये. शुभवर्तमानांतील गरीब विधवेची गोष्ट आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तिनें मंदिराच्या दानपेटींत दोन टोल्या टाकल्या, व तीच तिची सर्व उपजीविका होती. श्रीमंतांनीं पुष्कळ टाकलें, पण तें आपल्या समृद्धींतून टाकलें. ह्या गोष्टींत एक बाब आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. त्या बाईचें पुढें काय झालें, त्या रात्रीं तिच्या घरीं चूल पेटली किंवा नाहीं, दुसऱ्या दिवशीं तिला कोणीं कांहीं दिलें किंवा नाहीं, याविषयीं शास्त्रांत अवाक्षरहि नाहीं. तिला घरीं मोहरांनीं भरलेला हंडा सांपडला असें सांगितलें असतें तर ती गोष्ट बाळगोपाळांस अधिक आवडली असती. पण मग त्या दोन टोल्यांची किंमत दोन टोल्याच राहिली असती.

कोणी म्हणेल, इसापनीति व पंचतंत्र यांत तरी सद्गुणाला फळ मिळतेंच ना? उपकार केलेला उंदीर सिंहाचें जाळें कुरतडतोच ना? हें खरें आहे, आणि लहान मुलांना तें योग्यहि आहे. अंकुराला कुंपण लागतें. परंतु दहावी-बारावीच्या वर्गांत पोंचलेल्या मुलाला एवढें कळूं लागलेलें असतें कीं, जगांत प्रत्येक सिंहाला त्याचा उंदीर भेटत नाहीं. त्याला अजून तीच गोष्ट सांगत राहिलों तर दोहोंपैकीं एक होतें. तो आपणांस खोटे समजूं लागतो, किंवा चांगुलपणा हा एक किफायतशीर धंदा आहे अशी त्याची समजूत होते. मग धंदा बुडाला कीं चांगुलपणाहि बुडतो.

ह्याच्या उलट रीतीनें रचलेला एक खेळ पोलंड देशाच्या वॉर्सा नगरांतील '११ बिट स्टुडिओज' ह्या मंडळींनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'धिस वॉर ऑफ माइन', म्हणजे 'हें माझें युद्ध'. युद्धावरचे खेळ शेंकडों आहेत. त्यांत बहुधा खेळणारा शिपाई असतो व बंदूक त्याच्या हातीं असते. ह्या खेळांत तो शिपाई नसून वेढा पडलेल्या शहरांतील साधा नागरिक आहे. खेळाची प्रेरणा बॉस्नियाच्या सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून घेतलेली आहे. तो वेढा १९९२ सालच्या एप्रिलांत सुरू झाला व १९९६ सालच्या फेब्रुवारींत उठला. १४२५ दिवस तें शहर कोंडलेलें होतें. भोंवतालच्या डोंगरांवरून तोफा व लपलेले नेमबाज मारा करीत. पाणी व वीज तुटे. हिवाळ्यांत ऊब मिळावी म्हणून लोकांनीं घरांतील सामान जाळलें व पुस्तकेंहि जाळलीं. १९९३ सालीं विमानतळाच्या खालून सुमारें ८०० मीटर लांबीचें भुयार खणण्यांत आलें, व अन्नसामग्री त्यांतून येऊं लागली. वेढा सुरू झाल्यास वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, २०१२ सालीं, शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांच्या स्मरणार्थ ११५४१ रिकाम्या तांबड्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांपैकीं कित्येक खुर्च्या लहान मुलांच्या मापाच्या होत्या.

ह्या दुःखांतून तो खेळ निघाला आहे, आणि त्याची रचना त्या दुःखाशीं प्रामाणिक आहे. एका पडक्या घरांत तीन-चार माणसें राहतात. दिवसा नेमबाजांच्या भयानें बाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. त्या वेळीं चूल रचावी, पावसाचें पाणी सांठवावें, शिजवावें, आजाऱ्याला निजवावें. रात्रीं एकजण बाहेर पडून अन्न, औषध व सरपण शोधून आणतो. मागें राहिलेल्यांनीं पहारा करावा किंवा झोंप घ्यावी. पिशवी लहान, तिच्यांत सर्व मावत नाहीं. औषध घ्यावें तर लांकूड राहतें. थंडी पडली कीं पुस्तकें चुलींत घालावीं काय, हा प्रश्न उभा राहतो. खेळाची नोंद दिवसांतून एकदांच होते, आणि गेलेला माणूस पुढील दिवसांत परत येत नाहीं. सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, युद्ध केव्हां थांबणार हें खेळणारास सांगितलेलें नसतें. वीस दिवसच राहिले आहेत असें कळलें असतें तर वीस दिवसांची वाटणी करतां आली असती. पण तसें तर सारायेव्होंतील कोणत्याहि आईला कळलें नव्हतें.

अशा स्थितींत दोन प्रसंग येतात. एके ठिकाणीं एक वृद्ध जोडपें राहतें. त्यांच्या घरीं अन्न आहे, औषधहि आहे, आणि तीं दोघें विरोध करण्यास असमर्थ आहेत. केवळ विनवणी करतात. चोरी अगदीं सोपी आहे. पण ती केल्यावर चोरणाऱ्याचें मन खचतें, घरीं राहिलेल्यांसहि तें बोंचतें, व खचलेला मनुष्य कामाला उठत नाहीं. दुसऱ्या प्रसंगीं दोन मुलें दारावर येऊन आजारी आईसाठीं औषध मागतात. आपल्या घरींहि कोणी तापानें पडलेलें असूं शकतें, आणि औषध बहुधा एकच असतें. द्यावें कीं न द्यावें? खेळांत अशा मदतीबद्दल कधीं कोणी कृतज्ञता घेऊन येतो, कधीं येत नाहीं. देतांना तें ठाऊक नसतें. दिल्यानें मन हलकें होतें खरें, पण मन हलकें झाल्यानें ताप उतरत नाहीं. तिघींच्या मागें २०० मात्रा असा दर येथें कोणींहि लावून ठेवलेला नाहीं. म्हणून येथें जो देतो तो खरोखर देतो.

पोलंडच्या सरकारनें २०२० सालच्या जूनमध्यें हा खेळ शाळांसाठीं शिफारस केलेल्या वाचनाच्या यादींत घालण्याचें जाहीर केलें. तो ऐच्छिक आहे व १८ वर्षें पुरीं झालेल्या विद्यार्थ्यांसाठींच आहे. पालकांनीं ही वयाची अट विसरूं नये. तरी ज्या देशाची राजधानी १९४४ च्या उठावांत ६३ दिवस लढली व नंतर जवळजवळ जमीनदोस्त झाली, त्या देशानें पुस्तकांच्या पंक्तीला ह्या खेळाचें पान मांडावें यांत आम्हांस अर्थ दिसतो. पोलंडशीं आपलाहि जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेल्या सुमारें पांच हजार पोलिश लोकांनीं, मुख्यतः बायकामुलांनीं, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळील वळिवडें येथें आश्रय घेतला होता. युद्ध म्हणजे घरांत उरलेली एक भाकरी कोणी खावी हा प्रश्न, हें त्या बायकामुलांस शिकवावें लागलें नसतें.

येथें एक सूक्ष्म शंका उत्पन्न होते, व ती टाळून जाणें योग्य नव्हे. खेळणारा आपल्या खुर्चींत सुखरूप बसलेला असतो. रात्रीं बाहेर धाडलेला माणूस दुसराच असतो. मरतो तोहि दुसराच. मग हा त्याग कोणाचा? आपल्या महाभारतानें हा प्रश्न फार पूर्वीं केला आहे. धर्मराजानें द्यूतांत प्रथम धन लावलें, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतःला, आणि शेवटीं द्रौपदीला. अनिश्चितता होती, किंमतहि भयंकर होती. परंतु त्यास कोणीहि त्याग म्हणत नाहीं. दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार तुला कोणीं दिला, हा द्रौपदीचा सभेंतील प्रश्न अजून अनुत्तरित आहे. चांगला खेळ हाच प्रश्न खेळणाराच्या कानांत गुणगुणत राहतो. त्या माणसांना नांवें देतो, पूर्वायुष्य देतो, त्यांना थकवा व शोक देतो, म्हणजे त्यांना केवळ सोंगट्या समजणें खेळणारास जड जावें. पुढें ज्यांच्या हातीं इतरांचें भवितव्य येणार आहे, मग ते डॉक्टर होवोत, अधिकारी होवोत, कीं घराचे कर्ते होवोत, त्यांना हें जडपण आधींच ओळखीचें असणें वाईट नाहीं.

दुसरी शंका पालकांची असेल: अनिश्चिततेवर आधारलेला खेळ म्हणजे जुगारच कीं! तसें नव्हे. जुगारांत मनुष्य अधिक मिळावें म्हणून लावतो. त्यागांत दुसऱ्याला मिळावें म्हणून सोडतो. परंतु ह्या दोहोंची सरमिसळ करणारे खेळ बाजारांत आहेत, हें नाकारतां येत नाहीं. खरे पैसे भरून बंद पेटी घ्यावी व आंत काय निघतें तें पाहावें, अशी युक्ति पुष्कळ खेळांत आहे. बेल्जममधील अधिकाऱ्यांनीं २०१८ सालीं अशा कित्येक पेट्या जुगार ठरविल्या. आपल्या संसदेनेंहि २०२५ च्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. जो खेळ मुलाची निवड न मागतां वडिलांचा खिसा मागतो, तो आमच्या कसोटीस क्षणभरहि उतरत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, मूल खेळत असतां अर्धा तास त्याच्या शेजारीं बसावें. किती गुण मिळाले हें विचारूं नये. तूं काय सोडलेंस, कां सोडलेंस, आणि तें परत मिळणार हें तुला अगोदर ठाऊक होतें काय, असें विचारावें. उत्तरांवरून खेळ कळेल, व कदाचित् आपलें मूलहि कळेल. जेथें मुलाला अशा प्रश्नांचें उत्तरच सांपडत नाहीं, तो खेळ फार तर करमणूक होय. त्याला करमणुकीइतकाच वेळ द्यावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं शेवटचे दोन शब्द. तुमच्यापुढें लवकरच अशा निवडी येणार आहेत कीं ज्यांची जुनी नोंद पुन्हां उघडतां येत नाहीं. कोणती विद्याशाखा घ्यावी हें ठरवितांना वीस वर्षांनंतरचें जग कोणींच तुम्हांस दाखविणार नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं शेजारचा मित्र आजारी पडेल, त्याच्या घरीं दुसरें कोणी नसेल, आणि त्याच्या उशाशीं बसल्यानें तुमचे गुण कमी होतील. ते कमी झालेले गुण कोणी भरून देणार नाहीं. गुणपत्रिकेंत त्याचा उल्लेखहि असणार नाहीं. त्या रात्रीं हिशेब मांडून पाहाल तर तो तोट्याचाच निघेल. तो तोट्याचा आहे हें नीट जाणूनहि तुम्ही उठून मित्राच्या घरीं जाल, तर दोन टोल्या टाकणाऱ्या त्या बाईचें मोल तुम्हांस कळलें असें आम्ही समजूं.